‘सगळे आपापलं करतात’ : अंगणवाडीतल्या दिव्यांग मुलाभोवती वस्ती कशी जोडायची?

प्रश्न नागपूरच्या कळमना भागातल्या एका अंगणवाडीताईंचा आहे : “माझ्याकडे साडेतीन वर्षांचा एक मुलगा येतो. आधार दिला तरच बसतो, बोलत नाही, लाळ गळते. डॉक्टरांनी सेरेब्रल पाल्सी सांगितली आहे, म्हणजे मेंदूला इजा झाल्यानं हालचालींवर ताबा राहत नाही. आई आठवड्यातून एकदा फिजिओथेरपीला नेते, त्या दिवशीची मजुरी बुडते. वडील बाजारात हमाली करतात. आजी म्हणते, बोलेल उशिरा. बाकीच्या पालकांची कुरबुर सुरू आहे. मी, आशाताई, नर्सबाई, थेरपिस्ट, सगळे आपापलं करतात, पण मूल जिथल्या तिथं आहे. प्रशिक्षणात सांगतात, समाजाचा सहभाग घ्या. म्हणजे नेमकं काय करायचं?”

ताई,

तुमच्या पत्रातल्या ‘सगळे आपापलं करतात’ या तीन शब्दांपाशी मी थांबले. गेली चोवीस वर्षं मी नागपूर शहरात आणि जिल्ह्यात शून्य ते सहा वयाच्या दिव्यांग मुलांसोबत विशेष शिक्षिका म्हणून काम करते आहे. मुलं अडून राहिलेली पाहिली ती बहुतेक वेळा याच कारणानं. फिजिओथेरपिस्ट पाठीवर आणि मानेवर काम करतात, तुम्ही बडबडगीतं म्हणता, आशाताई वजन बघतात, आजी मांडीवर आडवं घेऊन भरवते. प्रत्येकाची माया खरी आहे. पण थेरपीत पाऊण तास सरळ बसलेलं मूल आठवड्याचे उरलेले सगळे दिवस आडवंच असेल, तर त्या पाऊण तासाचं काय होणार? साडेतीन वर्षांचं मूल आठवड्यात साधारण 80 तास जागं असतं. त्यातला एकच तास थेरपिस्टचा, बाकीचे तुमचे, आईचे, आजीचे आणि गल्लीचे.

तर माझं उत्तर असं : त्या मुलासाठी एक गोष्ट निवडा, एकच, आणि त्याच्या आसपासच्या पाच-सहा माणसांनी ती रोज सारख्याच पद्धतीनं करा. मेळावा, फलक, फेरी हे सगळं नंतर. आधी एक मूल, एक गल्ली, एक गोष्ट.

हे मी चूक करून शिकले आहे. सुरुवातीच्या वर्षांत माझ्याकडे उत्तर नागपुरातली एक आई दोन वर्षांच्या मुलीला घेऊन यायची. मी तिला घरी करायच्या व्यायामांचा छान चित्रांसह कागद दिला. अकरा व्यायाम, प्रत्येक दहा वेळा, दिवसातून तीनदा. दीड महिन्यानं तिनं येणं बंद केलं. मी घरी गेले तेव्हा तो कागद देवाच्या फोटोशेजारी चिकटवलेला होता. ती म्हणाली, “मॅडम, कागद तर रोज पाहतो जी. पण सयपाक कवा करू अन् कामाले कवा जाऊ?” तिच्या दिवसात माझ्या कागदासाठी जागाच नव्हती आणि मी तिचा दिवस कधी विचारलाच नव्हता. त्या मुलीचं वाया गेलेलं दीड महिन्याचं वय मी परत देऊ शकले नाही. तेव्हापासून पहिल्या भेटीत मी व्यायाम सांगत नाही, दिवस विचारते. सकाळी कोण आधी उठतं, मूल कुठं झोपलेलं असतं, आंघोळ कोण घालतं, किती वेळा खातं, कोण भरवतं, दुपारी घरात कोण असतं, पाणी केव्हा येतं. अर्ध्या तासात कळतं की कोणती गोष्ट आधीच रोज तीन-चार वेळा घडते आहे. आपलं काम त्याच गोष्टीत मिसळायचं.

तुमच्या मुलाबाबतीत मी भरवणं निवडेन. कारणं दोन. सेरेब्रल पाल्सीच्या मुलांना पोषण कमी पडतं ते बहुधा अन्न नसल्यामुळे नसतं. गिळायला त्रास होतो, एकेका जेवणाला पाऊण तास लागतो, घरचे दमतात आणि मूल अर्धपोटी राहतं. दुसरं असं की भरवण्यात बसणं, मान धरणं, ओठ मिटणं, निवड करणं, हवं-नको सांगणं हे सगळं येतं. एका वाटीत फिजिओथेरपी, स्पीच थेरपी आणि अंगणवाडीचं शिक्षण असतं.

आधी बैठक. पहिल्या दिवशी काहीही विकत आणू नका. अंगणवाडीच्या खोलीचा कोपरा घ्या, जिथं दोन भिंती मिळतात. मुलाला तिथं टेकवा, दोन्ही बाजूंना उशा किंवा गुंडाळलेली चादर लावा. कोपऱ्यामुळे खांदे पुढं येतात, हात समोर येतात, मागं फेकलं जाणं कमी होतं. हे जमतं असं दिसलं की वस्तीतल्या सुताराला बोलवा. मापं तुम्ही घ्यायची : मूल बसलेलं असताना कमरेच्या मागच्या टोकापासून गुडघ्याच्या मागच्या खळीपर्यंत जेवढं अंतर, त्यात दोन बोटं कमी, ही बैठकीची खोली. गुडघ्यापासून टाचेपर्यंतचं अंतर ही उंची, म्हणजे तळवे पूर्ण टेकतील. कमरेला काटकोन, गुडघ्याला काटकोन. समोर कोपराच्या उंचीची फळी. कमरेवरून रुंद, मऊ पट्टा, जुन्या ओढणीचा चालतो. पोटावर नको, छातीवर तर नकोच. खुर्ची वापरात आणण्यापूर्वी थेरपिस्टना एकदा दाखवा. आईच्या पुढच्या खेपेला फोटो आणि मापं पाठवली तरी बरंचसं काम होतं. मी पाहिलं आहे, ज्या सुतारानं अशी खुर्ची केली तो नंतर जाता-येता “आता पाय टेकतात ना त्याचे?” असं विचारायला थांबतो. वस्तीतला एक माणूस आपसूक त्या मुलाचा झालेला असतो. त्याला दिव्यांगत्वावर भाषण द्यावं लागलं नाही.

मग भरवण्याची रीत, सगळ्यांसाठी एकच. मूल बसलेलं, मान किंचित पुढं झुकलेली. भरवणारा समोर आणि मुलाच्या डोळ्यांच्या पातळीवर, म्हणजे खाली बसलेला. चमचा चपटा, लहान, समोरून आणि खालून येणारा. वरून आला की मूल मान मागं टाकतं आणि घास श्वासनलिकेत जाण्याची भीती वाढते. चमचा ओठाला लावायचा, ओठ मिटेपर्यंत थांबायचं, वरच्या दातांवर घासून काढायचा नाही. वरणभात घट्ट कालवलेला. पातळ वरणापेक्षा घट्ट घास अशा मुलांना सांभाळता येतो. प्रत्येक घासाआधी चमचा दाखवून “अजून?” विचारायचं आणि मनात दहापर्यंत मोजायचं. या दहा अंकांत पुष्कळ घडतं. मूल डोळे वर करतं, तोंड उघडतं, हात हलवतं, नाही तर मान फिरवतं. तेच त्याचं ‘हो’ आणि तेच ‘नको’. आपण घाईत असलो तर ते उत्तर आपल्याला दिसत नाही आणि मग आपण म्हणतो, हे मूल काही सांगत नाही.

एक मात्र लक्षात ठेवा. जेवताना वारंवार ठसका, जेवणानंतर घशात घरघर, पुन्हा पुन्हा छातीत कफ होऊन दवाखान्यात भरती, यांतलं काही असेल तर आधी डॉक्टरांकडे. मग घरगुती रीत थांबवून गिळण्याची तपासणी करून घ्यायची.

आजीबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण तुमच्या पत्रात ती अडथळ्यासारखी आली आहे. “त्याचा बाप बी उशिराच बोलला, कायले दवाखाने करता?” हे वाक्य मी शेकडो घरांत ऐकलं आहे. त्यामागं अज्ञान असेल, पण बहुतेकदा सुनेला आणि नातवाला बोल लागू नये ही धडपडही असते. “गरोदरपणात गिऱ्हान पाह्यलं म्हणून झालं”, “आईचं काहीतरी चुकलं” असं शेजारी बोलतात तेव्हा “बोलेल उशिरा” हीच आजीची ढाल असते. तिच्याशी वाद घालू नका. तिला कारण समजावून सांगा : जन्माआधी, जन्मताना किंवा त्यानंतर लवकरच मेंदूच्या काही भागाला इजा झाली. बाळ फार कमी दिवसांचं असलं, उशिरा रडलं, कावीळ फार वाढली अशी कारणं असतात, पुष्कळदा कारण सापडतही नाही. ग्रहणाचा संबंध नाही, कुणाच्या पापाचा तर नाहीच, आणि हा संसर्गही नाही. मग तिच्या हातात चमचा द्या. नातवाला सर्वांत जास्त वेळा भरवणारी तीच आहे. मांडीवर आडवं घेण्याऐवजी कोपऱ्यात बसवून भरवलं आणि ठसका कमी झालेला तिनं स्वतः पाहिला, की तुमच्या आधी तीच शेजारणीला सांगेल. वस्तीत आजीच्या शब्दाला जे वजन आहे ते आपल्या प्रमाणपत्रांना नाही.

आता माणसं किती आणि कोण? तुमच्या पत्रावरून मला सहा दिसतात : आई, आजी, वडील, तुम्ही, तुमच्या मदतनीस मावशी आणि शेजारची एखादी बाई किंवा दहावी-बारावीतली मुलगी. थेरपिस्ट आणि आशाताई या सहांना मदत करणाऱ्या. या सहाजणांची आठवड्यातून एकदा वीस मिनिटांची बैठक, मुलाच्या घरीच, वडील कामावरून आल्यावर. वडील हमालीला पहाटे जातात, म्हणजे दुपारी किंवा संध्याकाळी घरी असतील. आपण गृहभेटी सकाळी अकराला करतो आणि मग म्हणतो, वडील सहभाग घेत नाहीत. वडिलांना एक ठरावीक काम द्या. अंगणवाडीत आणण्या-नेण्याचं, किंवा रात्रीचं जेवण भरवण्याचं. ‘मदत करा’ असं मोघम सांगितलं तर कुणीच काही करत नाही, आणि मग सगळं ओझं आईवर.

शेजारणीचं काम महत्त्वाचं आहे. महिन्यातून दोनदा थेरपीला आईसोबत तिनं जावं. एकीला मूल धरता येतं, दुसरी बघून शिकते, फोनवर थेरपिस्टच्या परवानगीनं चित्रण करते. आई आजारी पडली तरी क्रम मोडत नाही. पारडीकडच्या एका बचत गटानं तर ठरवलं होतं की थेरपीच्या दिवशी त्या आईचं घरचं काम गटातली दुसरी बाई उरकेल. त्यांनी पैसे दिले नाहीत, वेळ दिला. ते मूल दोन वर्षांत एकही थेरपी चुकलं नाही.

आणि एक वही ठेवा. साधी शंभर पानी, मुलाच्या पिशवीत राहणारी. रोज दोन ओळी, ज्यानं भरवलं त्यानं लिहायच्या. “आज 14 घास, दोनदा ठसका, अजून विचारल्यावर डोळे वर केले.” ज्याला लिहिता येत नाही त्यानं खुणा करायच्या. ही वही थेरपिस्टकडे जाते, आरोग्य पथकासमोर उघडते, तुमच्या पर्यवेक्षिकाबाईंना दाखवता येते. थेरपिस्ट तीत लिहितात, “पाय आत वळतात, मांड्यांमध्ये टॉवेलची घडी ठेवा,” आणि ते सहाही जणांना त्याच संध्याकाळी कळतं. सगळ्यांचं ‘आपापलं’ एकत्र जोडते ती हीच वही. महिन्यानं बघा. गोष्ट जमली की पुढची घ्या : हातानं वस्तू पकडणं, चित्रांच्या पाटीवरून निवडणं, जे त्या घराला हवं असेल ते.

बाकीच्या पालकांची कुरबुर. यासाठी सभा बोलावून त्या आईला सगळ्यांसमोर बसवू नका. तिच्या मुलावर चर्चा होत असताना तिनं मान खाली घालून बसायचं, हे मी एकदा घडू दिलं आणि अजून सलतं. कुरबुर करणाऱ्या पालकांना एकेकटं भेटा. बहुतेकांच्या मनात दोनच शंका असतात : “आमचं लेकरू त्याच्यासारखं करून राहिलं” आणि “ताईचं सगळं लक्ष तिकडंच”. पहिलीचं उत्तर सोपं आहे. लहान मुलं नक्कल सगळ्यांचीच करतात, आजोबांच्या चालीचीही करतात, आणि दोन दिवसांत सोडून देतात. दुसरी शंका मात्र खरी आहे, ती उडवून लावू नका. एकीला वीस-पंचवीस मुलं सांभाळायची, आहार वाटायचा, फोनवरच्या पोषण ट्रॅकरवर नोंदी करायच्या, त्यात हे. त्यांना म्हणा, “मग आठवड्यातून एक दिवस तासभर तुम्ही या, गोष्ट सांगायला किंवा खेळ घ्यायला.” दहातल्या तीन आया येतात. त्या तिघींनी मुलाला जवळून पाहिलं की उरलेल्या सातजणींशी बोलायची गरज तुम्हाला राहत नाही.

मुलांचं तर कामच सोपं असतं. “हा काऊन बोलत नाही?” असं विचारलं तर “श्श” करू नका. “त्याच्या तोंडाचे स्नायू लवकर ऐकत नाहीत. तो डोळ्यांनी बोलतो, विचारून बघ त्याला, लाल चेंडू हवा का पिवळा.” चार वर्षांची मुलगी दोन चेंडू त्याच्या डोळ्यांसमोर धरते, त्याची नजर कुठं जाते ते बघते आणि ओरडते, “पिवळा म्हणाला!” अशी दुभाषी मुलं मी प्रत्येक अंगणवाडीत पाहिली आहेत. लाळ पुसायला त्याचा स्वतःचा रुमाल गळ्यात बांधा, दिवसातून चार-पाच बदला. ओली बंडी असली की माणसं दूर सरतात.

आपल्याकडे तान्हा पोळा आहे, त्याचा उपयोग करा. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गल्लीतलं प्रत्येक पोर लाकडी नंदी सजवून मिरवतं, घरोघरी बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, मागतं. दिव्यांग मूल त्या दिवशी सहसा दारात किंवा खिडकीत बसलेलं असतं. काही वर्षांपूर्वी पूर्व नागपुरातल्या एका वस्तीत पायांत बळ नसलेल्या एका पाच वर्षांच्या मुलीच्या वडिलांनी भाजीची हातगाडी धुतली, मंडळाच्या पोरांनी तिला झिरमिळ्या लावल्या, मुलगी गाडीवर आणि पुढं तिचा नंदी. दोर तिच्या मनगटाला सैल बांधलेला. ती घरोघर गेली. त्या दिवसापर्यंत गल्लीत तिला तिच्या व्यंगावरून हाक मारायचे. तान्ह्या पोळ्यानंतर लोक तिला नावानं ओळखू लागले, कारण दर दारात तिला नाव विचारलं गेलं होतं. तुमचा मुलगा चाकाच्या पाटावर बसून नंदी ओढू शकतो. सुताराला आत्ताच सांगून ठेवा.

सरकारी दारं कोणती, हे तुम्हाला माहीत असेलच, तरी आईला सांगताना उपयोगी पडेल म्हणून लिहिते. 2013 पासून सुरू असलेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत येतं. जन्मजात दोष, कमतरता, आजार आणि विकासातला विलंब हे ते तपासतं आणि गरजेच्या मुलांना जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवतं. पथक येणार त्या दिवशी वही आणि माता-बाल संरक्षण कार्ड घेऊन आईला हजर ठेवा. पथकाच्या तारखेची वाट पाहायची गरज नाही, तुम्ही आधीही पाठवू शकता. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016 मध्ये प्रत्येक मुलाची वर्षातून एकदा तपासणी करण्याची जबाबदारी सरकारवर आहे. त्याच कायद्यातला मोफत शिक्षणाचा हक्क मात्र 6 ते 18 वयासाठी आहे. म्हणजे सहाच्या आधी, जेव्हा मेंदू सर्वांत वेगानं घडतो, तेव्हा या मुलांसाठी उघडं असलेलं मोठं दार तुमच्या अंगणवाडीचंच आहे. 28 नोव्हेंबर 2023 ला केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयानं दिव्यांग मुलांसाठी अंगणवाडी प्रोटोकॉल आणला. लवकर ओळख, समाजाच्या कार्यक्रमांत सहभाग आणि कुटुंबाला बळ, मग आशाताई, नर्सबाई आणि आरोग्य पथकामार्फत पुढची सेवा, असा तो तीन पायऱ्यांचा आहे. “हे मूल आमच्याकडे नको, विशेष शाळेत न्या” असं कुणी म्हणालं तर त्यांना हा प्रोटोकॉल दाखवा.

यूडीआयडी कार्डासाठी, म्हणजे दिव्यांगत्वाच्या सरकारी ओळखपत्रासाठी, लवकर अर्ज करा. सेरेब्रल पाल्सी, स्वमग्नता, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता असलेल्यांसाठी राष्ट्रीय न्यास या केंद्र सरकारच्या संस्थेची ‘निरामय’ ही 1 लाख रुपयांपर्यंतची आरोग्य विमा योजना आहे, त्यात थेरपीचा खर्चही काही प्रमाणात मिळतो. आणि तुमच्या ओळखीच्या ग्रामीण अंगणवाडीताईंना सांगा, ग्रामपंचायतीनं स्वउत्पन्नातली 5 टक्के रक्कम दिव्यांगांसाठी खर्च करायची असते. खुर्ची, पायऱ्यांऐवजी उतार, शौचालयातला दांडा यांची मागणी ग्रामसभेत लेखी द्या, आणि पालकांनी स्वतः उभं राहून द्या.

ऐकण्याची तपासणी झाली आहे का, हे तुमच्या पत्रात नाही. नसेल तर या महिन्यात करून घ्या, नजरेचीही. सेरेब्रल पाल्सीच्या मुलांत दोन्ही दोष असू शकतात, आणि जन्मानंतर कावीळ फार वाढली असेल तर कान हमखास तपासले पाहिजेत. एका मुलीला सगळ्यांनी, मीही, दोन महिने ‘समजत नाही’ म्हणून धरलं होतं. बेरा तपासणीत, म्हणजे आवाजाला मेंदू कसा प्रतिसाद देतो ते मोजणाऱ्या तपासणीत, निघालं की तिला ऐकूच येत नव्हतं. श्रवणयंत्र लागलं त्या आठवड्यात तिनं कुकरच्या शिटीकडे मान वळवली. बोलण्याची वाट बघत बसलेल्या सगळ्या घरांना मी हेच सांगते : दीड वर्षापर्यंत एकही शब्द नाही, दोन वर्षांपर्यंत दोन शब्द जोडत नाही, किंवा येत असलेली एखादी गोष्ट मूल कोणत्याही वयात विसरलं, तर थांबायचं नाही.

विशेष शाळांना परकं समजू नका. शंकरनगरचं मूकबधिर विद्यालय, दक्षिण अंबाझरी मार्गावरचं अंध विद्यालय अशा संस्थांत वर्षानुवर्षांचं कसब जमा आहे. मूल तिथं दाखल करायचं नसलं तरी तिथले शिक्षक कसे हात धरतात, कशी वाट पाहतात, ते एक सकाळ बसून बघा. समाजकार्य महाविद्यालयांचे विद्यार्थी क्षेत्रकार्यासाठी वस्तीत येतात, तेही कामाचे, फक्त मुलाची मुख्य जबाबदारी त्यांच्यावर टाकू नका. परीक्षा आल्या की ते जातात आणि मूल त्यांना शोधत राहतं.

विदर्भात आणखी एका मुलाकडे लक्ष ठेवा, ज्याचं दिव्यांगत्व दिसत नाही. सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार 2016 च्या कायद्यातल्या 21 दिव्यांगत्वांपैकी एक आहे, आणि तुमच्या हजेरीपटावर असं एखादं मूल असण्याची शक्यता आपल्या भागात पुष्कळ आहे. वारंवार हातपाय दुखतात म्हणून रडणारं, पिवळट डोळ्यांचं, सारखे खाडे होणारं. त्याला ‘नाटकी’ म्हणू नका. पाणी पुन्हा पुन्हा पाजा, उन्हात आणि गारठ्यात जपा, ताप आला तर त्याच दिवशी दवाखाना, आणि अचानक हात-पाय लुळा पडला किंवा तोंड वाकडं झालं तर तत्काळ. नागपुरात सिकलसेलच्या कुटुंबांना एकत्र आणण्याचं काम संपत रामटेके यांनी वर्षानुवर्षं केलं, 2018 मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली. रुग्णांच्या घरच्यांनी एकमेकांना शोधलं की काय होतं, हे पाहायला आपल्याला लांब जावं लागत नाही. तुमच्या बीटमध्ये, म्हणजे तुमच्या पर्यवेक्षिकाबाईंकडच्या अंगणवाड्यांत, दिव्यांग मुलांची पाच-सहा घरं नक्की असतील. महिन्यातून एका रविवारी त्यांना एकत्र बसवा, अंगणवाडीत, बुद्धविहारात, समाजमंदिरात, जिथं जागा मिळेल तिथं. आपण बोलू नये, चहा करावा आणि त्यांना बोलू द्यावं.

उन्हाळ्याचंही आत्ताच ठरवा. मे महिन्यात पारा पंचेचाळीसला टेकतो, अंगणवाडीची वेळ बदलते, थेरपी सुटते, माणसं गावाला जातात आणि मार्चपर्यंत मिळवलेलं जूनमध्ये हरवलेलं असतं. सहाजणांच्या यादीतली कोण कोण मे महिन्यात इथं असणार ते एप्रिलच्या बैठकीत विचारा. कुणी नसेल तर तेवढ्यापुरतं माणूस बदला. गावाला गेलेल्या आईसोबत वही आणि चमचा जाऊ द्या. उन्हात या मुलांना पाणीही हळूहळू, बसवूनच, चमच्यानं द्यायचं. तहान लागली हे त्याला सांगता येत नाही, म्हणून चित्रांच्या पाटीवर पहिलं चित्र पेल्याचं ठेवा.

तो सहा वर्षांचा होईल तेव्हा पहिलीचा प्रश्न येईल. शिक्षण हक्क कायद्याच्या 25 टक्के प्रवेशांत दिव्यांग मुलं वंचित गटात येतात, त्यासाठी प्रमाणपत्र हातात असावं लागतं, म्हणून यूडीआयडीची घाई. महापालिकेची किंवा जिल्हा परिषदेची जवळची शाळा असेल तर तेही उत्तमच. चालत जाता येईल अशी शाळा मी नेहमी आधी बघते. आपल्याकडे शाळा जूनच्या शेवटी उघडतात, तेव्हा पहिलीच्या बाईंभोवती चाळीस नवी मुलं असतात. त्या दिवशी ओळख करून देऊ नका. मार्चमध्येच त्यांना एकदा अंगणवाडीत बोलवा, त्याच्या जेवणाच्या वेळी. खुर्ची दाखवा. तोपर्यंत जमलेल्या सगळ्या वह्या त्यांच्या हातात द्या, आणि एक घास त्यांना भरवू द्या.

या आठवड्यात फक्त दोन गोष्टी करा : वडील घरी असताना एक भेट, आणि कान तपासणीची चिठ्ठी. वहीची पहिली आठ पानं भरली की मला फोटो पाठवा, पुढची गोष्ट कोणती घ्यायची ते मिळून बघू.